एकमेकांची ओझी, आपापला भार

मी जन्मापासून ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे एका चर्चच्या विश्वासी समुदायात, वाढले आहे आणि आजही त्याच मंडळीची सभासद आहे. हे प्रारंभीच सांगते, कारण पुढील लेखन श्रद्धा सोडून गेलेल्या व्यक्तीचे गाऱ्हाणे म्हणून वाचले जाऊ नये अशी माझी इच्छा आहे. वजन कमी करण्यासाठी माझ्यावर गॅस्ट्रिक बायपास ही शस्त्रक्रिया झाली. त्या काळात मी दोन समूहांत वावरले. त्यांतला एक प्रभूच्या नावाने एकत्र येत होता, आणि दुसऱ्यातील माणसांना एकाच प्रकारच्या ऑपरेशनखेरीज दुसरे काहीही जोडत नव्हते. एकमेकांची ओझी वाहण्याविषयी मी पहिल्या समूहात लहानपणापासून ऐकत आले; ती प्रत्यक्ष वाहिली जाताना मात्र मी बहुतांशी दुसऱ्यात पाहिली. याचे मला दुःख झाले, रागही आला, आणि त्या दोहोंतून बाहेर पडण्यासाठी मला बराच विचार करावा लागला.

शस्त्रक्रियेचा निर्णय घाईने घेतलेला नव्हता. माझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा निर्देशांक, 43 होता, मधुमेह जडून अनेक वर्षे झाली होती आणि झोपेत श्वास अडकण्याच्या विकारामुळे रात्री यंत्राचा मुखवटा लावून झोपावे लागत होते. बीएमआय 40 किंवा त्याहून अधिक असेल, अथवा 35 च्या पुढे असून मधुमेहासारखा गंभीर विकार सोबत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा, असा निकष अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पुढाकाराने 1991 साली ठरला होता. 2022 मध्ये या क्षेत्रातील तज्ज्ञांच्या संघटनांनी ही मर्यादा आणखी खाली आणली. मी जुन्या, अधिक कडक निकषातही बसत होते. आहार, व्यायाम, औषधे हे सर्व प्रामाणिकपणे करून झाले होते. वजन दर वेळी उतरले आणि दर वेळी परत आले. डॉक्टरांनी मला 2011 साली प्रसिद्ध झालेल्या, ऑस्ट्रेलियात झालेल्या एका अभ्यासाविषयी सांगितले. अतिशय कमी उष्मांकाचा आहार देऊन ज्यांचे वजन उतरवले होते, त्यांच्या रक्तातील भूक वाढवणारी आणि तृप्ती देणारी संप्रेरके एक वर्ष उलटल्यावरही मूळ पातळीवर आलेली नव्हती. गमावलेले वजन परत मिळवण्यासाठी शरीर स्वतःच झटत राहते, हे मला त्या दिवशी प्रथम कोणीतरी समोर बसवून, दोष न देता समजावून सांगितले. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर मी कितीतरी वेळ रडले.

मंडळीत ही गोष्ट मी फक्त दोघींना सांगितली. दोघीही माझ्या जवळच्या, स्त्रियांच्या प्रार्थनासभेत वर्षानुवर्षे माझ्या शेजारी बसणाऱ्या. कोणाला कळू देऊ नका, ही विनंती मी स्पष्ट शब्दांत केली होती. पुढच्याच प्रार्थनासभेत, मी तिथे बसलेली असताना, मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी करायच्या, प्रार्थनेत माझे नाव घेतले गेले, ऑपरेशनचा उल्लेख झाला, आणि या भगिनीला खाण्याच्या बंधनातून मुक्त कर म्हणजे तिला शरीरावर शस्त्र चालवून घ्यावे लागणार नाही, अशी याचना परमेश्वराकडे करण्यात आली. सर्वजणी आमेन म्हणाल्या. प्रार्थनेच्या रूपात बोललेल्या गोष्टीला उत्तर देता येत नाही. बोलणारी व्यक्ती देवाशी बोलत असते आणि ज्याच्याविषयी बोलले जाते त्याने नम्रपणे मस्तक लववून ऐकायचे असते. दुसऱ्याचे गुपित चारचौघांत उघड करण्याचा हा प्रकार मी इतर बहिणींच्या बाबतीतही पूर्वी पाहिला होता, परंतु स्वतः त्या जागी बसेपर्यंत त्यातील क्रौर्य मला पुरते जाणवले नव्हते.

त्यानंतर सल्ले सुरू झाले. आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, हे वचन मला इतक्या जणांनी ऐकवले की कोणी बोलायला तोंड उघडले की मी त्याची वाट पाहू लागले. बायबलमधील, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात ते वचन आहे आणि त्याचा संदर्भ व्यभिचाराचा आहे, खाण्याचा नाही. आहाराच्या बाबतीत ते लागू करूच नये असे मी म्हणत नाही. मात्र तंबाखू खाणाऱ्या, रात्रंदिवस काम करून हृदयविकार ओढवून घेतलेल्या किंवा रक्तदाबाची गोळी मुद्दाम चुकवणाऱ्या बंधूला ते कोणी ऐकवल्याचे मला आठवत नाही. ज्याचे शरीर डोळ्यांना दिसते, त्याच्याच मंदिराची चिंता लोकांना वाटते. शिवाय, मी त्या मंदिराची डागडुजी करायला निघाले होते तेव्हाच मला सर्वांत अधिक दूषणे मिळाली. आजारी शरीर घेऊन मागच्या बाकावर बसत होते, तोवर कोणाची काही तक्रार नव्हती.

खादाडपणाच्या पापाचा इतिहास मी याच सुमारास थोडा वाचला, कारण ज्या आरोपाने मला आयुष्यभर गप्प केले होते तो नेमका काय आहे हे मला जाणून घ्यायचे होते. चौथ्या शतकात वाळवंटात राहणाऱ्या एव्हाग्रियस नावाच्या संन्याशाने मनाला पछाडणाऱ्या आठ विचारांची यादी केली, तिच्यात खादाडपणा पहिला होता. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी त्या परंपरेतून मुख्य पापांची मांडणी केली. त्यांनी खादाडपणाचे जे पाच प्रकार सांगितले आहेत ते मला विशेष वाटले: अवेळी खाणे, महागडे खाणे, चोखंदळपणे खाणे, प्रमाणाबाहेर खाणे आणि अधाशीपणे खाणे. या पाचांपैकी प्रमाणाचा संबंध फक्त एकाशी आहे, आणि शरीराच्या आकाराचा उल्लेख कोठेही नाही. जेवणाच्या दर्जावरून यजमान बहिणीचा पाणउतारा करणारी सडपातळ व्यक्ती या मोजमापात माझ्या बरोबरीने किंवा माझ्याही पुढे उभी राहते. खुद्द येशूला लोकांनी खादाड आणि मद्यपी म्हटले होते, असे मत्तयाच्या अकराव्या अध्यायात लिहिले आहे. कोणाबरोबर बसून तो जेवतो यावरून लोकांनी त्याचे चारित्र्य ठरवले. त्या अध्यायावर आमच्याकडे अनेक प्रवचने झाली, पण हा आरोप आपणही कोणावर तरी करत असू, हा विचार त्यांपैकी एकाही प्रवचनात ऐकल्याचे मला स्मरत नाही.

रुग्णालयातील भाग मी थोडक्यात सांगते, कारण तो अपेक्षेपेक्षा सुरळीत पार पडला. यकृताचा आकार कमी व्हावा म्हणून आधी काही काळ अतिशय कमी कर्बोदकांचा, बहुतांशी द्रव आहार घ्यावा लागला. मानसोपचारतज्ज्ञांशी बोलणे झाले, रक्ताच्या आणि हृदयाच्या तपासण्या झाल्या. या ऑपरेशनची सुरुवात 1966 साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन या शल्यविशारदांनी केली. तेव्हा पोट उघडावे लागे, आता दुर्बिणीने लहान छिद्रांतून होते. जठराच्या वरच्या भागाची सुमारे 30 मिलिलिटर मावेल एवढी लहान पिशवी करतात आणि लहान आतड्याचा पुढचा भाग तिला जोडतात. त्याच दिवशी मला उठवून चालवले गेले. माझ्या मंडळीतील एक वृद्ध बाई, ज्यांच्याशी माझा फारसा परिचयही नव्हता, तिथे रोज येत असत. त्यांनी एकही वचन ऐकवले नाही, माझ्या वजनाविषयी विचारले नाही; मी चालत असताना त्या सलाईनचा स्टँड धरून माझ्याबरोबर चालत, आणि मी झोपले की खुर्चीवर बसून राहत. बायबलमधील ईयोब या दुःखग्रस्त माणसाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्दही बोलले नाहीत, असे त्या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. पुढे ते बोलू लागले आणि सारे बिघडले, पण ते सात दिवस त्यांनी खरोखरच मैत्री निभावली होती. या बाईंमुळे मला मंडळीविषयी सरसकट कडवटपणे बोलता येत नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

खरी परीक्षा घरी आल्यावर सुरू झाली. पहिल्या आठवड्यांत घोटघोट पाणी, मग पातळ द्रव, मग वाटलेले, मग मऊ अन्न अशा पायऱ्या असतात. दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत, जेवताना पाणी प्यायचे नाही, जेवणानंतर अर्धा तास थांबायचे, आणि जीवनसत्त्वे, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या. गोड खाल्ले तर ते आतड्यात वेगाने उतरते आणि छाती धडधडणे, घाम, पोटात मुरडा असा त्रास होतो, त्याला डंपिंग म्हणतात. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास केस मूठमूठ गळू लागतात. ज्या गोष्टीचा आधार घेऊन मी आयुष्यातील प्रत्येक दुःख सोसले होते, ती गोष्टच काढून घेतली गेली होती, आणि तिच्या जागी काय ठेवायचे हे कोणत्याही पत्रकात लिहिलेले नव्हते. अशा अवस्थेत तू सोपा मार्ग निवडलास असे जेव्हा उपासनेनंतर दारात उभे राहून कोणी म्हणते, तेव्हा उत्तर देण्याइतके त्राणही अंगात नसते.

प्रभुभोजनाच्या वेळी मला सर्वांत अधिक अवघडल्यासारखे झाले. घन अन्न अजून चालत नव्हते, म्हणून पाळकांशी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंशी, आधी बोलून मी भाकरीचा तुकडा न घेता केवळ प्याला घेतला. आमच्याकडे मद्याऐवजी द्राक्षांचा रस देतात, आणि तो एक घोट मला चालणार होता. पाळकांनी ते समजुतीने स्वीकारले. कुजबुज मात्र बाकांवरून झाली. पुढे उपास-प्रार्थनेचा काळ आला. डॉक्टरांनी मला उपासाची सक्त मनाई केली होती, कारण या शस्त्रक्रियेनंतर शरीरातील पाणी लवकर कमी होते आणि पोषणाची तूट भरून काढणे कठीण जाते. मी सहभागी होणार नाही असे सांगितल्यावर एक बहीण म्हणाल्या, आता तर तुम्हाला उपास सोपाच जायला हवा. त्याच बहिणींनी आपण किती दिवस काय काय सोडले याची यादी सर्वांना सांगितली होती. डोंगरावरील प्रवचनात येशू म्हणतो की उपास करताना तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, म्हणजे तुम्ही उपाशी आहात हे लोकांना दिसू नये. हा अध्याय आम्हा सर्वांना पाठ आहे.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या समुपदेशनात मला गटाविषयी सांगितले होते. ज्यांचे ऑपरेशन झाले आहे किंवा व्हायचे आहे अशी माणसे रुग्णालयाच्या एका खोलीत महिन्यातून एकदा जमत, आणि अधूनमधून आहारतज्ज्ञ येऊन बसत. गटांत नियमित जाणाऱ्यांचे वजन अधिक उतरते असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. अर्थात जे नियमित जातात ते मुळातच अधिक निश्चयी असू शकतात, ही शंकाही अभ्यासकांनीच नोंदवली आहे. माझ्यापुरते बोलायचे तर मी वजनासाठी गेले नाही. मला उलट्या होत होत्या, झोप येत नव्हती, आणि ज्याला हे माहीत आहे अशा कोणाशी तरी बोलायचे होते.

तेथे कोणी माझे वजन विचारले नाही. आज पाणी किती गेले, हा पहिला प्रश्न होता. दुसरा प्रश्न होता, रडू येते का. मी हो म्हणाले तेव्हा खोलीतील निम्म्या माणसांनी माना हलवल्या, आणि नुसत्या त्या माना हलण्याने मला किती धीर आला हे मी शब्दांत नीट सांगू शकत नाही. गटात वेगवेगळ्या धर्मांची माणसे होती, आणि कोणताच धर्म न मानणारीही होती. एकमेकांचे घास मोजणे, आरशात स्वतःला न ओळखणे, कपडे सैल झाले तरी जुन्याच मापाची खुर्ची शोधणे, जोडीदाराला वाटणारी असुरक्षितता, अशा गोष्टी तिथे मोकळेपणाने बोलल्या जात. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभी प्रेषित पौल म्हणतो की देव आमच्या संकटांत आमचे सांत्वन करतो ते यासाठी की, त्याच सांत्वनाने आम्ही दुसऱ्या संकटग्रस्तांचे सांत्वन करावे. सहवेदना असलेल्या माणसाचा आधार कसा काम करतो, याचे यापेक्षा नेमके वर्णन मी वाचलेले नाही, आणि ते मला कळले ते अशा खोलीत जिथे ते वचन बहुतेकांनी कधी ऐकलेही नव्हते.

गट गोड बोलण्यापुरता नव्हता, हेही सांगायला हवे. एका तरुणाला सतत उलट्या होत होत्या आणि पायांना मुंग्या येऊ लागल्या होत्या. तो हे सहज म्हणून सांगत होता. जुन्या सभासदांपैकी एका काकांनी त्याला तिथल्या तिथे थांबवले आणि स्वतः बरोबर घेऊन डॉक्टरांकडे गेले. सततच्या उलट्यांमुळे थायमिन या जीवनसत्त्वाची कमतरता होऊन मज्जातंतूंना आणि मेंदूला इजा होऊ शकते, आणि त्यात दिवस घालवून चालत नाही, हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते. औषधे सुचवायची नाहीत, पण धोक्याची खूण दिसली तर त्या माणसाला एकटे सोडायचे नाही, असा तिथला नियम होता.

गटातील आणखी एक सभासद दुसऱ्या एका मंडळीत प्रवचने देत असत. ओळख पटू नये म्हणून मी त्यांच्याविषयीचे आणि पुढील प्रसंगातीलही तपशील बदलले आहेत. बायपासनंतर मद्य रक्तात अधिक वेगाने भिनते, आणि 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षी मद्याच्या विकाराचे प्रमाण वाढलेले आढळले होते. या गृहस्थांच्या बाबतीत नेमके तेच घडत होते. मद्याविरुद्ध ते व्यासपीठावरून बोलत आणि रात्री एकटे पीत. आपल्या मंडळीत हे सांगितले तर त्याच दिवशी आपले सर्व संपेल, अशी त्यांना खात्री होती, आणि ती निराधार नव्हती. त्यांनी ते आम्हाला सांगितले, गटातील दोघे त्यांच्याबरोबर व्यसनमुक्तीच्या उपचारांसाठी गेले, आणि बातमी त्या खोलीबाहेर पडली नाही.

त्यांचे बोलणे ऐकताना ढोंगाविषयीचे माझे मत बदलू लागले. तोवर मी ढोंगी माणसाला मनाने खोटा समजत असे. हे गृहस्थ खोटे नव्हते. ते घाबरलेले होते, आणि त्यांच्या मंडळीने त्यांना पवित्र दिसण्याखेरीज दुसरा कोणताही मार्ग ठेवला नव्हता. जिथे पडलेल्या माणसाची चर्चा होते, तिथे प्रत्येकजण आपण उभे आहोत असे दाखवत राहतो. 1935 साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे दोन मद्यपींच्या भेटीतून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही मद्यपींनी एकमेकांना आधार देऊन व्यसन सोडण्याची चळवळ सुरू झाली, ती एका ख्रिस्ती गटाच्या प्रभावातूनच. एकमेकांजवळ आपली पापे कबूल करा, हा याकोबाच्या पत्रातील उपदेश त्या चळवळीच्या सुरुवातीच्या सदस्यांच्या चांगला परिचयाचा होता. मला वाटते, ही शिकवण आमचीच आहे. ती आमच्या मंडळ्यांमधून बाहेर जाऊन इतरांच्या खोल्यांत अधिक विश्वासूपणे पाळली गेली आणि आम्ही ती परत मागायलाही गेलो नाही.

मात्र गटही या दोषापासून मुक्त नव्हता. तिथे एक ताई होत्या, श्रद्धाळू ख्रिस्ती, शस्त्रक्रियेला काही वर्षे झालेल्या, आणि वजन उतरण्याच्या बाबतीत सर्वांसमोर उदाहरण म्हणून ठेवल्या जाणाऱ्या. ज्यांचे वजन पुन्हा वाढू लागे त्यांना त्या गलतीकरांस पत्राचा पाचवा अध्याय ऐकवत: आत्म्याचे फळ इंद्रियदमन आहे, आणि ते नसेल तर ऑपरेशनचा काय उपयोग. त्यांच्या बोलण्यानंतर काही जणांचे बैठकीला येणे बंद झाले. मला त्या बोलण्यात माझी मंडळीच ऐकू येई. त्या यादीत इंद्रियदमनाच्या आधी सौम्यता आहे, आणि पुढचा अध्याय अपराधात सापडलेल्याला सौम्य वृत्तीने ताळ्यावर आणा, आपणही मोहात पडू नये म्हणून स्वतःकडे लक्ष द्या, या उपदेशानेच सुरू होतो. हे मी एकदा त्यांना बाजूला घेऊन सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले, पण त्यांना ते रुचले नाही.

वस्तुतः वजन काही प्रमाणात परत येणे ही अपेक्षित गोष्ट आहे. स्वीडनमध्ये 1987 साली सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासात बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्क्यांनी उतरले होते, आणि दहा वर्षांनी ती घट 25 टक्क्यांवर स्थिरावली होती. तरीही शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा कमी राहिले. म्हणजे ज्याला त्या ताई पाप म्हणत होत्या तो सरासरी माणसाचा सरासरी मार्ग होता.

काही काळाने त्यांनीच येणे थांबवले. फोन उचलत नव्हत्या. कारण सर्वांनी ओळखले: वजन वाढू लागले असणार, आणि ज्या खोलीत आपण इतरांना बोललो तिथे आता कोणत्या तोंडाने जायचे, असे त्यांना वाटत असणार. मी मनाशी म्हटले की आता यांना ते वचन कोणीतरी ऐकवील. पण त्यांच्याकडे प्रथम गेल्या त्या एक बाई, ज्यांना त्या ताईंनी सर्वांसमोर सर्वांत कठोर शब्द बोलले होते. या बाई कोणताही धर्म मानत नाहीत. त्या नुसत्या गेल्या, चहापाण्याइतका वेळ बसल्या, आणि पुढची बैठक कधी आहे ते सांगून आल्या. पुन्हा गेल्या. त्यानंतर मीही बरोबर गेले. ताई दार उघडून आमच्याकडे पाहतच राहिल्या, आणि म्हणाल्या, तुम्ही मला काही बोलणार नाही का? त्या बाईंनी सांगितले की गोळ्या चालू आहेत ना, एवढेच विचारायचे आहे. गोळ्या बंद झाल्या होत्या. लोह आणि जीवनसत्त्व बी-12 दोन्ही खूप खाली गेले होते, हे पुढे तपासणीत आढळले, आणि थकव्याचे बरेचसे कारण तेच होते.

गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात एकमेकांची ओझी वाहा असे दुसऱ्या वचनात आहे, आणि प्रत्येकाने आपापला भार वाहिला पाहिजे असे पाचव्या वचनात आहे. लहानपणी मला ही दोन वाक्ये परस्परविरोधी वाटत. गटात काही वर्षे काढल्यावर तसे वाटत नाही. माझी गोळी दुसरा कोणी गिळू शकत नाही, माझे प्रथिनांचे प्रमाण दुसरा पूर्ण करू शकत नाही, आणि रात्री भूक नसताना उठून स्वयंपाकघरात जाणारे पाऊलही मलाच आवरावे लागते. पण लाज, भीती आणि एकटेपणा ही ओझी दुसऱ्याने उचलल्याशिवाय हलत नाहीत. आमच्या मंडळीत बहुधा याच्या उलट होत आले आहे: जो भार माणसाचा स्वतःचा आहे त्यावर सर्वजण मत देतात, आणि जे ओझे वाटून घ्यायचे ते त्याच्यावर आणखी लादतात.

मी पाळकांना जाऊन भेटले आणि हे सर्व, नावे न घेता, सांगितले. त्यांना मी एकच गोष्ट मागितली: कोणाच्याही आजाराचा, उपचाराचा किंवा घरगुती अडचणीचा उल्लेख मध्यस्थीच्या प्रार्थनेत त्या व्यक्तीच्या संमतीखेरीज होऊ नये. त्यांनी ते लगेच मान्य केले आणि प्रार्थनासभा चालवणाऱ्या बहिणींना तसे सांगितले. काहींना ते आवडलेले नाही. आता प्रार्थनेवरही बंधने का, असे त्या विचारतात. ज्या दोघींना मी विश्वासाने सांगितले होते त्यांपैकी एकीने येऊन माझी क्षमा मागितली. दुसरीने नाही, आणि तिच्या शेजारी बसणे मला अजूनही जड जाते. मी तिला क्षमा केली आहे असे म्हणायला मला आवडले असते. मी ती करण्याच्या वाटेवर आहे, एवढेच आज खरे आहे.

अलीकडे आमच्या मंडळीतील एका तरुण मुलीला हेच ऑपरेशन सुचवण्यात आले आहे. उपासनेनंतर तिने मला गाठले आणि कोणाकोणाला सांगावे असे विचारले. मी तिला सांगितले की, आई-वडिलांना सांग, पाळकांना सांग, आणि जी व्यक्ती रुग्णालयात तुझ्याजवळ न बोलता बसेल असे वाटते तिला सांग. बाकी कोणाला सांगायचे की नाही आणि केव्हा, हे तुझे तू ठरव, न सांगण्यात कोणतेही पाप नाही. शस्त्रक्रियेच्या आधीच गटात ये, म्हणजे नंतर चेहरे ओळखीचे असतील, असेही मी म्हणाले. ती पुढच्या बैठकीला येणार आहे. मधल्या काळात परत आलेल्या त्या ताईंनी पहिल्या दिवशी तिच्या शेजारी बसण्याचे काम स्वतःकडे मागून घेतले आहे.